गंज, कलम आणि कात : टाइप बदलणाऱ्या तीन मूव्ह्ज कशा घडल्या

पार्श्वभूमी

आम्ही तिघं मोकळ्या वेळात मॉन्स्टर-लढतींचा एक गेम बनवतो. एक जण चित्रं काढतो, एक मैत्रीण सगळा कोड लिहिते, आणि नियम व संतुलन माझ्याकडे आहे. या प्रकरणात आलेले खेळाडू म्हणजे आमचा चाचणी-गट. त्यातले काही जण वर्षानुवर्षं पोकेमॉन खेळलेले, काहींनी या प्रकारचा गेम आधी कधी हातातही घेतला नव्हता. कुणाचंच नाव इथे दिलेलं नाही.

आमच्या गेममध्ये मॉन्स्टरचे आणि त्यांच्या मूव्ह्जचे, म्हणजे लढतीतल्या वारांचे आणि क्लृप्त्यांचे, दहा टाइप (प्रकार) आहेत : अग्नी, जल, वनस्पती, वीज, हिम, भूमी, वायू, विष, धातू आणि छाया. एका मॉन्स्टरला एक किंवा दोन टाइप असतात. म्हणजे १० एकेरी आणि ४५ जोड्या मिळून ५५ शक्यता. पोकेमॉनमध्ये १८ टाइप आहेत, तिथे हाच हिशेब १७१ वर जातो. कोणता टाइप कुणावर किती चालतो याचा तक्ता आम्ही मुद्दाम लहान ठेवला, कारण नव्या माणसाला तो एका बसणीत डोक्यात ठेवता यायला हवा होता.

गुणकांची पद्धत ओळखीचीच ठेवली. कमजोरीवर घाव बसला तर दुप्पट, प्रतिकार असेल तर निम्मा, अभेद्य असेल तर शून्य. दोन टाइप असतील तर दोन्ही गुणकांचा गुणाकार. मॉन्स्टरने स्वतःच्या टाइपची मूव्ह वापरली तर दीडपट जोर, जिला पोकेमॉनवाले 'स्टॅब' म्हणतात.

अडचण

चाचणीच्या सुरुवातीच्या लढती छान रंगल्या. मग सगळ्यांना लोहकासव सापडलं.

लोहकासव धातू-जल टाइपचं. हिमाचा मार त्याच्यावर पाव पट बसतो. अग्नी एरवी धातूला दुप्पट लागते, पण जल तिला निम्मं करतं, म्हणून साधीच बसते. विषाची तर त्याला बाधाच होत नाही. उरतात भूमी आणि वीज, दोन्ही दुप्पट. कागदावर ही दोन दारं उघडी दिसतात. प्रत्यक्षात मात्र खेळाडूंनी त्याच्याबरोबर एक वायूवाला आणि एक भूमीवाला ठेवायला सुरुवात केली. भूमीची मूव्ह येणार असं वाटलं की वायूवाला मैदानात, विजेची येणार असं वाटलं की भूमीवाला मैदानात, कारण वायूला भूमी आणि भूमीला वीज लागतच नाही. धोका टळला की लोहकासव परत आत येतं आणि हळूहळू स्वतःला बरं करून घेतं. अशा चिवट मॉन्स्टरवर विष हा एरवीचा उतारा असतो, कारण ते दर टर्नला थोडं थोडं खात जातं. तोच उतारा इथे बंद होता.

एका खेळाडूने लढत संपल्यावर जे सांगितलं ते माझ्या मनात राहिलं. तो म्हणाला, "टीम निवडायच्या पडद्यावरच मला कळतं की मी हरणार आहे. पुढचं सगळं फक्त उरकायचं." आमच्या गेमबद्दल याहून वाईट काही ऐकायला मिळालं नसतं. लढतीच्या गेममध्ये निकाल लढतीत लागला पाहिजे.

लोहकासवाचे आकडे कमी करणं सोपं होतं. पण त्याच्या जागी उद्या दुसरं कुणी येणार हे दिसत होतं. टाइप हे लढतीत कुणालाच हलवता न येणारं सत्य होतं, आणि रोग तिथे होता. म्हणून ते हलवायचं ठरलं.

आधी पाहिलेलं काम

टाइप बदलणाऱ्या मूव्ह्ज आम्ही शोधलेल्या नाहीत. १९९६ च्या पहिल्या पोकेमॉन गेम्समध्येच 'कन्व्हर्जन' होती. तेव्हा ती वापरणाऱ्याला समोरच्याचे टाइप देत असे, पुढे तिचं काम बदलून स्वतःच्या मूव्हचा टाइप घेणं असं झालं. २००२ मध्ये 'कॅमोफ्लाज' आली, जी आजूबाजूच्या जागेप्रमाणे वापरणाऱ्याचा टाइप बदलते. २०१० मधली 'सोक' समोरच्याला निव्वळ जल करून टाकते. २०१३ मध्ये 'ट्रिक-ऑर-ट्रीट' आणि 'फॉरेस्ट्स कर्स' आल्या. त्या काहीच पुसत नाहीत, आहे त्यावर आणखी एक टाइप चढवतात. २०१६ मधल्या 'बर्न अप'ने उलटी वाट धरली : १३० च्या ताकदीचा जबर अग्नी-मार, पण मारणाऱ्याचा स्वतःचा अग्नी टाइप जळून जातो. २०२२ मध्ये 'डबल शॉक'ने तेच विजेसाठी केलं, १२० च्या ताकदीने.

ही यादी मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. या मूव्ह्ज तीन क्रियांमध्ये बसतात : पुसून नवा टाइप देणं, असलेल्यावर जोडणं, आणि काढून टाकणं. आणि प्रत्येक क्रिया स्वतःवर किंवा दुसऱ्यावर करता येते. आमची पुढची सगळी चर्चा या सहा खणांमध्येच फिरली.

पर्याय

पहिला पर्याय होता काहीच नवं न आणता तक्ता बदलण्याचा, म्हणजे धातूचे प्रतिकार कमी करण्याचा. तो मी स्वतः मांडला आणि स्वतःच मागे घेतला. तक्त्यातल्या एका चौकटीला हात लावला की त्या टाइपचे सगळे मॉन्स्टर हलतात. लोहकासवासाठी मी गरीब बिचाऱ्या एकेरी धातूवाल्यांनाही मारलं असतं.

दुसरा पर्याय शरीराला हात न लावता मूव्हचा टाइप बदलण्याचा, म्हणजे पावसात जल, उन्हात अग्नी होणारा वार. मार्ग चांगला होता, पण विषबाधेचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

तिसरा, मॉन्स्टरने दर मूव्हला आपोआप टाइप बदलणं. पोकेमॉनमधल्या 'प्रोटियन' क्षमतेत हे होतं : जी मूव्ह वापराल तोच टाइप तुमचा. त्यात टाइप बदलायला टर्नच खर्च होत नाही, आणि प्रत्येक माराला दीडपटीचा लाभ मिळतो. पोकेमॉन गेम्सच्या नवव्या पिढीत ती क्षमता मैदानात आल्यावर एकदाच चालेल अशी आवरावी लागली. ते पाहून आम्ही तेव्हाच एक नियम भिंतीवर चिकटवला : टाइप बदलायचा तर त्याची किंमत मोजावी लागेल.

चौथा पर्याय म्हणजे समोरच्यावर चालणाऱ्या खास मूव्ह्ज. तो घेतला, आणि घाईत घेतला.

पहिला बिल्ड

पहिल्या बिल्डमध्ये, म्हणजे खेळून पाहायच्या आवृत्तीत, चार मूव्ह्ज होत्या. 'चिंब' समोरच्याला निव्वळ जल करायची. 'अंकुर' वनस्पती हा तिसरा टाइप जोडायची. 'गंज' धातू टाइप काढून टाकायची. 'कात' स्वतःचा एक टाइप टाकून द्यायची आणि अंगावरची बाधा (विष, भाजणं, लकवा असलं काही) झटकायची. चारही मैदान सोडेपर्यंत टिकायच्या.

एका आठवड्यात चारांपैकी तीन गडबडल्या, आणि प्रत्येकीची गडबड वेगळी होती.

'चिंब'बद्दल आमचा अंदाज होता की खेळाडू ती भिंतीसारख्या मॉन्स्टरवर वापरतील. त्यांनी ती सगळ्यांवर वापरली, आणि बऱ्याचदा बचाव म्हणून. कारण आमच्या लक्षातच आलं नव्हतं : समोरचा निव्वळ जल झाला की त्याचे मूळ दोन्ही टाइप जातात, आणि त्यांच्याबरोबर दीडपटही जाते. दीडचा एक झाला म्हणजे त्याच्या सगळ्यात भरवशाच्या माराची एक तृतीयांश ताकद एका टर्नमध्ये गेली. शिवाय त्याला वीज आणि वनस्पती या कमजोऱ्या मिळाल्या, आणि निदान कागदावर तरी बाधांपासूनचं संरक्षणही गेलं. एका टर्नच्या बदल्यात तीन लाभ. साहजिकच प्रत्येक टीममध्ये 'चिंब' आणि एक वीजवाला दिसू लागला. लोहकासवाची एकाधिकारशाही गेली आणि 'चिंब'ची आली.

'अंकुर'ची गोष्ट गुणाकाराची. आमच्याकडे हिमगेंडा आहे, हिम-धातू. अग्नी त्याला आधीच ४ पट लागते. त्यावर वनस्पती चढली की ८ पट, आणि अग्नीवाल्याच्या स्वतःच्या टाइपची दीडपट धरली की १२ पट. पूर्ण ताकदीचा हिमगेंडा एका साध्या ठिणगीत कोसळताना पाहणं ज्याने तो जिवापाड रंगवला होता त्याला सहन झालं नाही. असा आठपटीचा प्रकार पोकेमॉनमध्येही होऊ शकतो, कीटक-स्टील टाइपच्या सिझरवर 'फॉरेस्ट्स कर्स' पडला तर अग्नी ८ पट बसते. पण तिथे ती मूव्ह मोजक्यांनाच येते. आम्ही 'अंकुर' सगळ्या वनस्पतीवाल्यांना वाटून टाकली होती. दहा टाइपांत तीन-तीनचे गट धरले तर आणखी १२० शक्यता वाढतात, म्हणजे ५५ च्या १७५ होतात. एका बसणीत डोक्यात राहणारा तक्ता आम्हीच मोडला होता.

'गंज'चा घोटाळा सगळ्यात अनपेक्षित. एकेरी धातूवर ती चालवली की मॉन्स्टरला टाइपच उरत नाही. आम्हाला ही शिक्षा वाटली होती. पण टाइप नाही म्हणजे कमजोरीही नाही! दोनास-दोन लढतीत खेळाडू ती आपल्याच जोडीदारावर मारू लागले. धातूवाल्याची अग्नी आणि भूमीची भीती संपायची आणि तो निवांत उभा राहायचा. दोघांनी एकाच दिवशी स्वतंत्रपणे ही युक्ती शोधली. हुशारीचं कौतुक वाटलं, पण गंजलेला मॉन्स्टर अधिक भक्कम होतो हे नावालाच लाज आणणारं होतं.

'कात' मात्र पहिल्यापासून बरी चालली.

मोठा पेच

याच आठवड्यात एक तक्रार आली जी आधी बग वाटली. लोहकासवाला 'चिंब' केल्यावर वीज दुप्पट लागत होती, बरोबर. पण विषाची मूव्ह मारली की 'काही परिणाम नाही' असं दिसायचं. निव्वळ जल झालेल्याला विष का लागू नये?

कोडवाल्या मैत्रिणीने शोधलं. घावाचा हिशेब मॉन्स्टरचे सध्याचे टाइप वाचत होता. बाधेचा नियम मात्र मूळ नोंदीतले टाइप वाचत होता, कारण तो लिहिला तेव्हा टाइप बदलू शकतात हेच ठरलेलं नव्हतं. संगणकाचा खेळाडूही मूळ नोंदच वाचायचा, म्हणून तो चिंब झालेल्या मॉन्स्टरवर जुन्याच कमजोऱ्या शोधत राहायचा.

ती म्हणाली, "हा एक बग नाहीये. टाइप विचारणारे नऊ नियम आहेत आणि नऊही जण वेगवेगळ्या ठिकाणी विचारतायत."

नऊ! मी तोवर टाइप म्हणजे गुणकांचा तक्ता असंच धरून चाललो होतो. आम्ही तिघं बसलो आणि ते नऊ नियम एका कागदावर उतरवले. अग्नी टाइप भाजत नाही. वीज टाइपला लकवा होत नाही. हिम गोठत नाही. विष आणि धातूला विषबाधा होत नाही. वायूला जमिनीवर टाकलेले काटे टोचत नाहीत. वनस्पतीवर भुकटीच्या मूव्ह्ज चालत नाहीत. छायेला जखडून ठेवता येत नाही. धुळीच्या वादळात भूमी आणि धातू सुरक्षित राहतात, गारपिटीत हिम.

हा कागद म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. टाइप बदलणारी मूव्ह कमजोरी तर बदलतेच, त्याबरोबर ती या नऊ दारांच्या किल्ल्याही हलवते. कुणाचं कवच जातं, कुणाला नवं मिळतं, कोण अडकतं, कोण सुटतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या मूव्हला आम्ही एकच प्रश्न विचारतो : ही काढून काय घेते, आणि बदल्यात काय देते? 'चिंब' घेत खूप होती आणि ज्याच्याकडून घ्यायची त्याच्या हाती फारसं ठेवत नव्हती. 'गंज' एकेरी धातूकडून घ्यायला गेली आणि देऊन आली.

निर्णय आणि बदल

'अंकुर' बंद केली आणि तिच्या जागी 'कलम' आणली. कलमी झाडात एका झाडाच्या बुंध्यावर दुसऱ्याची फांदी बांधतात, अगदी तसं. ही मूव्ह वापरणारा स्वतःचा पहिला टाइप समोरच्यावर बांधतो. समोरचा एकेरी असेल तर तो दुहेरी होतो. दुहेरी असेल तर त्याचा दुसरा टाइप जातो आणि हा त्या जागी बसतो. तीन टाइप कधीच होत नाहीत, त्यामुळे ४ पटीच्या वर काही जात नाही आणि ५५ शक्यतांचा तक्ता शाबूत राहतो.

इथे दुसरा मार्गही होता : तीन टाइप राहू द्यायचे आणि गुणकाला ४ पटीचं कुंपण घालायचं. त्यावर आम्ही एक पूर्ण संध्याकाळ भांडलो. माझं म्हणणं होतं की कुंपण डोळ्यांना दिसत नाही. तीन चिन्हं पाहून खेळाडू आठपटीचा हिशेब करणार आणि गेम त्याला गुपचूप चार देणार. लपलेल्या नियमावर खेळाडूचा विश्वास राहत नाही.

'गंज' नव्याने लिहिताना उत्तर नावातच सापडलं. गंजलेलं लोखंड शेवटी मातीत जातं. म्हणून आता 'गंज' धातूच्या जागी भूमी बसवते. एकेरी असो वा दुहेरी, धातू निघाला की भूमी आलीच. समोरच्याला भूमी आधीपासून असेल तर तो निव्वळ भूमी होतो. टाइप नसलेला मॉन्स्टर ही गोष्टच गेममधून गेली.

आता लोहकासवाकडे पुन्हा पाहा. धातू-जलचं ते भूमी-जल होतं, म्हणजे चिखल. वनस्पतीचा मार आधी त्याला साधा बसायचा, आता ४ पट बसतो. विषबाधा आता होऊ शकते. पण वीज आधी दुप्पट लागायची ती आता शून्य, कारण भूमीला वीज लागत नाही. अग्नी आधी साधी बसायची ती निम्मी झाली. भूमीचा मार दुप्पट होता तो साधा झाला. शिवाय धातूच्या मूव्ह्जची दीडपट गेली आणि भूमीच्या मूव्ह्जना मिळाली. म्हणजे ज्याच्या टीममध्ये वनस्पती किंवा विष आहे त्याला 'गंज' म्हणजे पर्वणी, आणि ज्याने विजेच्या भरवशावर टीम बांधली आहे त्याने ती मारली तर स्वतःच्याच पायावर धोंडा. मला या मूव्हचा जितका अभिमान आहे तितका दुसऱ्या कशाचाच नाही. चाचणी-गटातल्या अगदी नव्या मुलीला मी फक्त नाव आणि 'धातूची माती होते' एवढंच सांगितलं, आणि तिने विचारलं, "मग आता त्याला वीज लागणार नाही ना?"

'कात'चा नियम पक्का केला. दोन टाइप असतील तरच चालते. दुसरा टाइप टाकला जातो, अंगावरची बाधा निघून जाते, आणि टर्न खर्च होते. टाकलेला टाइप मैदान सोडून परत आल्याशिवाय मिळत नाही. हिचा एक उपयोग आम्ही ठरवलेला नव्हता, तो आपोआप आला : कलम झालेला एकेरी मॉन्स्टर 'कात' वापरून कलम उतरवू शकतो. प्रत्येक मूव्हला कुठेतरी उतारा असावा अशी आमची इच्छा होती, आणि इथे तो फुकटात मिळाला.

'चिंब' काढून टाकली. त्याबद्दल पुढे बोलतो.

परिणाम किती काळ टिकावा यावर दोन मतं होती, तीन टर्न किंवा मैदान सोडेपर्यंत. तीन टर्नचा हिशेब ठेवायला पडद्यावर आकडे लागतात, आणि भिंतीसारखा मॉन्स्टर तेवढा वेळ कळ काढून बसतो. मैदान सोडेपर्यंतचा नियम ठेवला की समोरच्याला पर्याय मिळतो : बदललेल्या अंगाने लढा किंवा टर्न खर्चून बाहेर जा. मी एक टर्न दिली, त्याने एक दिली. आणि बाहेर गेलेला परत येताना जमिनीवरचे काटे टोचून घेतो, म्हणजे जुन्या तीन मॉन्स्टरांच्या फिरत्या चक्राला प्रथमच झीज लागली. आम्ही दुसरा नियम निवडला.

आणखी एक बारीक पण कळीचा निर्णय होता. टाइप कधी वाचायचा, मूव्ह निवडताना की घाव बसताना? दोनास-दोन लढतीत माझ्या एका मॉन्स्टरने 'गंज' मारली आणि त्याच टर्नमध्ये जोडीदाराने वनस्पतीचा वार केला, तर तो ४ पट बसायलाच हवा. जोडीने खेळण्याची मजाच ती आहे. म्हणून घाव बसतो त्या क्षणीचे टाइप धरायचे ठरलं. मूव्ह निवडताना जी 'प्रभावी' अशी पाटी दिसते ती निवडतानाच्या स्थितीची असते. ती टर्नच्या मधे खोटी ठरू शकते हे मान्य करून आम्ही पहिल्या धड्यातच खेळाडूला सांगून टाकतो.

कोडमध्ये नऊही नियमांनी विचारायची जागा एक केली. मूळ टाइप नोंदीत कायम राहतात, त्यांना कुणी हात लावत नाही. बदल वेगळा लिहिला जातो. घाव, बाधा, काटे, हवामान आणि संगणकाचा खेळाडू, सगळे आता एकाच ठिकाणी 'या घडीला याचे टाइप काय' असं विचारतात. आधी झालेली बाधा टाइप बदलला म्हणून आपोआप जाणार नाही हेही ठरवलं, नाहीतर 'कात'ला अर्थच उरला नसता. बहुरूपी नावाचा आमचा एक मॉन्स्टर आहे, त्याचा टाइप मैदानानुसार ठरतो. त्याच्यावर या मूव्ह्ज चालत नाहीत. पोकेमॉनमध्ये आर्सियस नावाच्या मॉन्स्टरला 'सोक'सारख्या मूव्ह्जपासून अशीच सूट आहे, आणि आता तिचं कारण पटतं : ज्याची ओळखच बदलण्यात आहे त्यावर आणखी एक बदल चढवला की काय खरं हे कुणालाच सांगता येत नाही.

निष्पत्ती

लोहकासव अजूनही लोकप्रिय आहे, आणि ते असावं. पण त्याच्याबरोबरचं ठरलेलं त्रिकूट मोडलं. गंजलेलं लोहकासव वीज पितं हे कळल्यावर काही जण मुद्दाम ते गंजू देतात आणि समोरच्या वीजवाल्याला अडकवतात. मला हे फार आवडलं. ज्याच्यावर मूव्ह पडली तोही तिचा वापर करू शकतो, हेच आम्हाला हवं होतं.

'कलम'ने मात्र आम्हाला चकित केलं. दोनास-दोनमध्ये 'भूकंप' ही मूव्ह सगळ्यांना लागते, जोडीदारालाही. एका जोडीने वायूवाल्याकडून आपल्याच एकेरी वीजवाल्यावर कलम बांधलं. वीज-वायू झालेल्याला भूमी लागत नाही, त्यामुळे त्यांनी पुढे निर्धास्त भूकंप सुरू केले. समोरच्यांनी शेवटी हिमाचा मार करून तो वीजवाला पाडला, कारण वायूबरोबर हिमाची कमजोरीही आली होती. ती लढत आम्ही तिघांनी पुन्हा पुन्हा पाहिली. त्यात टीम निवडण्याच्या पडद्यावर काहीच ठरलेलं नव्हतं.

एक तोटा कबूल केला पाहिजे. नवशिक्यांना दोनास-दोनमध्ये आता जास्त लक्ष ठेवावं लागतं. टाइप बदलला की मॉन्स्टरच्या नावाशेजारचं चिन्ह बदलतं आणि मूळ चिन्ह फिकट होऊन मागे राहतं. तरीही काहींना ते सुटतं. चित्रकार आता अंगाच्या कडेला टाइपच्या रंगाची रेघ देऊन पाहतोय.

आज पुन्हा केलं तर

नऊ नियमांचा कागद आधी लिहू. तो एका दुपारचं काम होता, आणि तो नसल्यामुळे एक पूर्ण बिल्ड वाया गेला. नवा टाइप, नवी बाधा किंवा नवं हवामान आणताना आता तो कागद सगळ्यात आधी बाहेर येतो. गोठण्याचा नियम बदलला तेव्हा त्याच्यामुळे दोन चुका लिहिण्याआधीच सापडल्या.

पहिली चाचणी कोडमध्ये करणार नाही. टाइप चिकटपट्ट्यांवर लिहून, टेबलावर हाताने बदलत खेळलो असतो तर 'अंकुर'ची आठपट पहिल्याच डावात दिसली असती. ज्याला हाताने गुणाकार करावा लागतो त्याला तीन टाइपांचं ओझं लगेच जाणवतं.

मूव्ह किती जणांना द्यायची हा निर्णयही आम्ही फार उशिरा घेतला. 'सोक' आणि 'फॉरेस्ट्स कर्स' पाहताना त्या काय करतात यावर आम्ही लक्ष दिलं, त्या कुणाकुणाला येतात याकडे नाही. आणि म्हणूनच 'चिंब' पूर्ण काढून टाकण्याचा निर्णय मला आजही पटलेला नाही. ती वाईट मूव्ह नव्हती. ती सगळ्यांच्या हाती पडली हे वाईट झालं. एखाद्या संथ, दुबळ्या जलवाल्याला एकट्यालाच ती दिली असती, तर तिला आणण्यासाठी टीममधली एक जागा आणि त्याचा जीव पणाला लावावा लागला असता. कोडवाली मैत्रीण म्हणते की समोरच्याची दीडपट काढून घेणारी गोष्ट कितीही महाग केली तरी शेवटी सगळे तीच वापरतील. तिचं म्हणणं खोडून काढता आलेलं नाही.

आम्ही एक मधला मार्ग लिहून ठेवला आहे : 'चिंब' समोरच्याला जल करेल, पण त्याच टर्नपासून मैदानावर पाऊस सुरू होईल, आणि पावसात जलाच्या मूव्ह्जना जोर चढतो. म्हणजे ज्याला भिजवलं त्याच्या हातात जल टाइपची एखादी मूव्ह असेल तर त्याला दीडपटही मिळेल आणि पावसाचा जोरही. चिकटपट्ट्यांवर त्याचे सहा डाव झाले आहेत. सहाव्यात हिमगेंड्याने भिजल्यावर 'लाट' मारून समोरचे दोघेही लोळवले, आणि चित्रकाराने जागेवरून उठून टाळ्या वाजवल्या. सातवा डाव अजून मांडायचा आहे.